मध्यरेषेवरचा पहारेकरी



बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना तेथील भिंतीवरचा एक शिलालेख आठवत असेल. फारुकी घराण्यातील आदिलशहा, ज्याला आपण राजा अली खान या नावाने ओळखतो, त्याने ही मशीद बांधविली. आणि १५९० सालचा तिचा लेख त्याने अरबीबरोबर संस्कृतातही कोरविला. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, नागरी ओळ डावीकडून उजवीकडे येते. मुलांना हा लेख दाखवावयास मी पूर्वीपासून नेत आलो आहे. एकदा एका मुलाने तेथेच, चपला हातात धरून, मला विचारले, “सर, तेच डोळे दोन्ही बाजूंनी कसे चालतात?” मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न विचारणारा हा मुलगा स्वतः कोणत्याच बाजूने वाचू शकत नव्हता.

हा मुलगा आमच्या सिंधीपुऱ्यातला. सिंधीपुरा ही शहराची जुनी वस्ती. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या लोकांनी ती वसविली. तिच्या गल्ल्यांतून आज यंत्रमागांची खटखट ऐकू येते. मुलाचे वडील मागावर होते. तो स्वतः बारा वर्षांचा होता, सहावीत होता, आणि डोळे मिटून, केवळ आवाजावरून, चारांपैकी कोणत्या मागावर धागा तुटला ते सांगत असे. कापडाच्या मीटरांचा आणि मजुरीचा हिशेब तो तोंडी करी, आणि त्यात माझीही चूक काढी. परंतु फळ्यावर ‘दिन’ असा दोन अक्षरांचा शब्द लिहिला की तो ‘नदी’ वाचे. वर्ग हसे. तोही थोडा हसे, आणि मग गप्प बसे.

मी तेव्हा नवा शिक्षक होतो. साल २००५ असावे. मी त्याला छडी मारली, एकदा नव्हे, अनेकदा. प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा मारला. आठवीत त्याने शाळा सोडली. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो या मुलाचा विषय आहे. पण त्याचा इतिहास जर्मनी, इंग्लंड, फिनलंड आणि मुंबई अशा ठिकाणी घडलेला आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक क्षुद्र माशी बसलेली आहे. मी शास्त्रज्ञ नाही. शिक्षकाला जेवढे वाचून समजते तेवढेच सांगेन.

ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो त्या मुलाकडे वैद्यांचे लक्ष प्रथम गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८७७ साली कुसमाउल नावाच्या जर्मन वैद्याने ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. डोळे शाबूत, बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, आणि लिहिलेला शब्द मात्र वाचता येत नाही, अशी ती अवस्था. मेंदूला आघात झालेल्या प्रौढ माणसांत ती दिसे. दहा वर्षांनी, १८८७ साली, बर्लिन आडनावाच्या एका नेत्रवैद्याने तिला ‘डिस्लेक्सिया’ हे ग्रीक नाव दिले. पुढे १८९६ साली इंग्लंडच्या समुद्रकाठी सीफर्ड गावी वैद्यकी करणाऱ्या प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पर्सी हे त्याचे नाव. खेळात चपळ, गणितात बरा, मेंदूला कधी इजा झालेली नाही. परंतु सात वर्षे शिकविल्यावरही साधे शब्द वाचता येत नव्हते, आणि स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरे उलटसुलट होत. मॉर्गन यांनी शिक्षकाचे एक मतही नमूद केले आहे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्या शिक्षकाने म्हटले होते. १८९६ सालच्या त्या अनामिक मास्तरचा मला हेवा वाटतो. माझ्या हाती जे शंभर वर्षांनंतर लागले नाही, ते त्याने नुसत्या नजरेने ओळखले होते.

मॉर्गन यांनी ही उणीव जन्मजात असावी असे लिहिले. ग्लासगोचे नेत्रशल्यवैद्य हिन्शेलवुड यांना विसाव्या शतकाच्या आरंभी एकाच घरातील अनेक भावंडे अशी आढळली, आणि मग आनुवंशिकतेचा संशय बळावला. १९५० साली स्वीडनच्या हालग्रेन यांनी अशा कितीतरी कुटुंबांचा अभ्यास करून, ही गोष्ट रक्तातून उतरते, असे ठामपणे मांडले. तथापि रक्तातून नेमके काय उतरते हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते.

पुढचा धागा बोस्टनमध्ये सापडला. गॅलाबर्डा यांनी १९७९ पासून काही मृत व्यक्तींच्या मेंदूंची सूक्ष्म तपासणी केली. या व्यक्तींना हयातीत वाचनाचा त्रास होता. मेंदूच्या बाहेरच्या थरात त्यांना चेतापेशींचे लहान लहान पुंजके भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेले दिसले. मातेच्या उदरात असताना या पेशींनी आपली जागा चुकविली होती. तपासलेले मेंदू अगदी मोजके होते, आणि त्यांवरून मोठे सिद्धांत बांधणे धाडसाचे होते. परंतु तेव्हापासून प्रश्नाचे रूप पालटले. मूल शाळेत येण्याच्या कितीतरी आधी, गर्भात मेंदूची जुळणी चालली असताना काही बिघडते काय, असे शास्त्रज्ञ विचारू लागले.

ही जुळणी कशी होते, हे आता थोडे पाहू. मेंदूतील प्रत्येक चेतापेशीला एक लांब तंतू फुटतो. त्याच्या टोकाला हातासारखा पसरणारा एक फुगीर भाग असतो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो १८९० साली कोंबडीच्या गर्भात पाहिला, आणि हे टोक वाट चाचपडत पुढे सरकत असले पाहिजे असे अनुमान केले. १९०७ साली अमेरिकेत हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. पण वाट चाचपडणाऱ्याला वाटेवरच्या खुणा लागतात. त्या खुणा कोणत्या, आणि त्या वाचणारे डोळे कोणते?

खुणा वाचणाऱ्या या डोळ्यांना शास्त्रात ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेला प्रथिनाचा रेणू. त्याचे एक टोक पेशीबाहेर डोकावते, मधला भाग पेशीच्या आवरणातून आरपार जातो, आणि दुसरे टोक आत असते. बाहेर एखादा ठराविक रेणू भेटला की ग्राही आत वर्दी देतो, आणि तंतूचे टोक वळते, थांबते किंवा मागे हटते. असा प्रत्येक ग्राही घडविण्याची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते.

आता मध्यरेषेकडे येऊ. आपले शरीर दोन अर्धांचे आहे, आणि त्या दोहोंमधून एक कल्पित रेषा जाते. उजवा हात मेंदूचा डावा अर्ध हालवितो हे सर्वांना ठाऊक आहे. याचा अर्थ असा की असंख्य तंतू ही मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात. काही मात्र आपल्याच बाजूला राहतात. १९९४ साली मध्यरेषेकडे तंतूंना ओढून नेणारा एक रेणू अमेरिकेत सापडला, आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्याला ‘नेट्रिन’ हे नाव दिले. हे नाव संस्कृतातील ‘नेतृ’ या शब्दावरून घेतलेले आहे. नेणारा तो नेता. नेता म्हटल्यावर आपल्याकडे दुसरेच चित्र उभे राहते, पण हा नेता बिचारा खरोखरच वाट दाखवितो.

ओढणारा रेणू सापडला, तरी एक कोडे उरते. तंतू ओढीने मध्यरेषेपर्यंत आला, तर तो तेथेच का घुटमळत नाही? आणि एकदा पलीकडे गेल्यावर पुन्हा अलीकडे का येत नाही? मागावरचा धोटा इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो. त्याचे काम तेच आहे. चेतातंतूला मात्र एकदाच जावयाचे असते.

हे कोडे सुटले ते फळमाशीमुळे. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ही लहानगी माशी शास्त्रज्ञांची मोठी लाडकी आहे, कारण ती चटकन वाढते आणि तिच्यातील बिघडलेली जनुके हुडकणे सोपे जाते. कॅलिफोर्नियात बर्कले येथे कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेत सीगर, टिअर आदी संशोधकांनी अशा बिघाडांचा मोठा शोध घेतला, आणि १९९३ साली दोन प्रकारच्या माशांची माहिती प्रसिद्ध केली. एका प्रकारात तंतू मध्यरेषा ओलांडतच नव्हते. दुसऱ्या प्रकारात ते ओलांडत, परत येत, पुन्हा ओलांडत, आणि रस्त्यावरच्या गोल चौकाभोवती वाहने फिरावीत तसे गरगरत राहत. इंग्रजीत अशा चौकाला ‘राउंडअबाउट’ म्हणतात. त्यावरून बिघडलेल्या जनुकाला तेच नाव पडले, आणि पुढे लाडाने त्याचे ‘रोबो’ झाले. यंत्रमानवाशी याचा काही संबंध नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना मला दर वर्षी सांगावे लागते.

१९९८ साली किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकातील मजकूर उलगडला. तो एका ग्राहीचा निघाला, आणि पूर्वी माहीत नसलेल्या घराण्यातला निघाला. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे त्याचे भाऊबंद मनुष्यातही सापडले. माशीचा आणि आपला समान पूर्वज होऊन गेला त्याला पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही कृती टिकून राहिली आहे. मनुष्यातील ‘रोबो-१’ हे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. त्यापासून घडणाऱ्या प्रथिनात सुमारे १६५० अमिनो आम्ले एकामागून एक गुंफलेली असतात. पेशीबाहेर डोकावणाऱ्या भागात आठ घड्या असतात. त्यांतल्या पाच आपल्या रक्तातील प्रतिपिंडांच्या घड्यांसारख्या, आणि उरलेल्या तीन दुसऱ्या एका प्रथिनासारख्या. १९९९ साली या ग्राहीला भेटणारा रेणूही ओळखला गेला. ‘स्लिट’ हे त्याचे नाव. तो मध्यरेषेवरच्या पेशींतून पाझरतो आणि रोबो धारण करणाऱ्या तंतूला दूर लोटतो.

मग तंतू मुळात ओलांडतोच कसा? येथे निसर्गाची युक्ती पाहण्यासारखी आहे. ओलांडण्यापूर्वी फळमाशीच्या तंतूत आणखी एक प्रथिन रोबोला पृष्ठभागावर येऊच देत नाही. पहारेकऱ्याला जणू कोठीत कोंडून ठेवलेले असते. म्हणून तंतू निर्धास्तपणे रेषा पार करतो. पलीकडे पोचताच हा कोंडणारा नाहीसा होतो, रोबो पृष्ठभागावर येतो, आणि आता मागे फिरावयाचे म्हटले तर स्लिट त्याला ढकलून देते. रोबो बिघडला की तंतूचा धोटा होतो.

माणसातही असेच घडते याचा पुरावा २००४ साली मिळाला. काही दुर्मिळ कुटुंबांतील मुलांना जन्मापासून डोळे आडवे फिरविता येत नाहीत, आणि वाढत्या वयात त्यांचा कणा वाकत जातो. या मुलांत ‘रोबो-३’ हे भाऊ-जनुक बिघडलेले आढळले, आणि जे मोठे तंतुमार्ग मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, ते त्यांच्यात आपल्याच बाजूला राहिलेले दिसले. येथे बिघाड उलटा आहे. तंतू गरगरत नाहीत, ओलांडतच नाहीत.

या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी कुलाब्याच्या त्या इमारतीत फळमाशीचे चेताशास्त्र रुजविले. त्यांच्याकडे शिकावयास आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या. त्यांचा जन्म १९५३ साली केनियात झाला. ज्या देशात त्या वाढल्या नाहीत, तेथे येऊन त्यांनी माशीला वास आणि चव कशी कळते यावर आयुष्य वेचले. २००४ साली धनिषा झवेरी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध केलेले एक संशोधन थेट आपल्या विषयाचे आहे. माशीच्या शृंगिकेतून निघालेले वासाचे तंतू मेंदूतील आपापल्या ठिकाणी पोचतात ते रोबो ग्राहींच्या साहाय्याने. त्यांत फेरफार केला की तंतू भलत्याच जागी स्थिरावतात, असे त्यात दाखविलेले आहे. म्हणजे रोबोचे काम मध्यरेषेवर पहारा देण्यापुरते नाही. मेंदूत प्रत्येकाने कोठे बसावे, यातही त्याचा शब्द चालतो. रॉड्रिग्जबाई २०१० साली कर्करोगाने गेल्या. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव मला अद्याप आढळलेले नाही.

आता आपण पुन्हा न वाचणाऱ्या मुलाकडे वळू. फिनलंडमध्ये चार पिढ्यांचे एक मोठे घराणे होते. त्यात वाचनाचा दोष आई-बापांकडून मुलांकडे उतरत आलेला होता. २००१ साली तेथील संशोधकांनी या घराण्यातील दोषाचा माग काढीत तिसऱ्या गुणसूत्राचा एक पट्टा निश्चित केला. त्याच सुमारास वाचनदोष असलेल्या दुसऱ्या एका व्यक्तीचे गुणसूत्र नेमके त्या भागात तुटून आठव्या गुणसूत्राला जोडले गेलेले आढळले, आणि ती चीर रोबो-१ या जनुकातून गेलेली होती. युहा केरे यांच्या गटाने २००५ साली हे सर्व एकत्र मांडले. त्या घराण्यातील लोकांचा रोबो-१ मोडलेला नव्हता. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची आणि एक बापाची. या घराण्यात उतरत आलेली एक प्रत कमी आवाजात बोलत होती, एवढेच. पहारेकरी होता, पण संख्येने थोडा.

पहारेकरी थोडे असल्याने वाचनात काय बिघडावे? २०१२ साली फिनलंडच्याच संशोधकांनी याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक कानाचा ध्वनी मेंदूच्या दोन्ही अर्धांत जातो, पण विरुद्ध बाजूला अधिक. दोन्ही कान एकाच वेळी ऐकू लागले की आपल्याच बाजूचा मार्ग दबला जातो. निरोगी मेंदूत हे आपोआप होते. त्या घराण्यातील लोकांच्या दोन कानांत निरनिराळ्या तालाने कंप पावणारे सूर सोडण्यात आले, आणि मेंदूतून उठणारे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजण्यात आले. तेव्हा हे दाबणे त्यांच्यात दुबळे आढळले. रोबो-१ जेवढा कमी, तेवढे ते अधिक दुबळे. कानाकडून येणारे जे तंतू मध्यरेषा ओलांडतात, त्यांच्या जुळणीतच काही उणे राहिले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

कानाचा आणि वाचनाचा संबंध काय, असे आपण विचाराल. वाचणे म्हणजे डोळ्याने पाहिलेल्या खुणेला कानातला ध्वनी जोडणे. मनुष्य लाखो वर्षे बोलत आला आहे. लिहावयास लागून पाच हजारांच्या आसपास वर्षे झाली. निसर्गाने वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र दालन बांधलेले नाही. बोलणे, ऐकणे आणि पाहणे यांसाठी असलेल्या वाटांवरूनच अक्षरांना जावे लागते. आणि आमची नागरी लिपी तर या बाबतीत विशेष अवघड आहे. ‘दि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ‘द’ आधी येतो आणि ‘इ’ मागून. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या नंदिनी चटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा डाव्या अर्धाबरोबर उजवा अर्धही कामाला लागलेला दिसला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. ‘दिन’ आणि ‘नदी’. माझ्या फळ्यावरची वेलांटी त्या मुलासाठी रेषेच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

परंतु येथे मला स्वतःलाच आवरले पाहिजे. त्या मुलाच्या रोबोत काही उणे होते असे मी म्हणू शकत नाही. ते कोणी तपासलेले नाही, आणि तपासण्याची गरजही नाही. वर्तमानपत्रांतून ‘डिस्लेक्सियाचे जनुक सापडले’ असे मथळे अधूनमधून येतात. ते वाचून आई-बाप घाबरतात. वाचनदोष असलेल्या ५१,८०० आणि नसलेल्या १०,८७,०७० लोकांची तुलना करणारे एक प्रचंड संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात जनुकांच्या पटावर ४२ ठिकाणे सापडली, आणि प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प निघाला. पूर्वी गाजलेली जुनी नावे या यादीत चमकली नाहीत. फिनलंडच्या त्या घराण्यात जे एकाच जनुकाने मोठ्या प्रमाणावर केले, ते बहुतेक ठिकाणी अनेक जनुके मिळून थोडे थोडे करतात, आणि शिवाय घर, शाळा व शिक्षक आहेतच. रोबोच्या हकीगतीचे मोल मला वाटते ते वेगळ्या कारणाने. मुलाच्या न वाचण्यामागे आळस किंवा हट्ट सोडून, डोळ्यांना न दिसणारी एक शारीरिक घडण असू शकते, हे तिने एका घराण्यापुरते तरी पायरी-पायरीने, माशीपासून माणसापर्यंत, दाखवून दिले.

व्यवहार मात्र विज्ञानाची वाट पाहत थांबला नव्हता. महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. लेखी परीक्षेला पाव पट अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेतून सूट. भारतात असे पाऊल प्रथम तेथेच पडले. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचे मोठे काम झाले. आमची तापी येथून वाहत खानदेशात जाते. पण खानदेशाकडून ही बातमी वर चढून २००५ पर्यंत माझ्या कानी आलेली नव्हती. हा दोष नदीचा नव्हे, माझा. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला, आणि माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना हा शब्द प्रथम चित्रपटगृहात कळला. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला, आणि मग सीमेचा प्रश्न उरला नाही. त्याच मानेसरच्या केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी सिद्ध केली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत आहे. तिच्या आधीपर्यंत मराठी मुलाची परीक्षा बहुधा इंग्रजी शब्दांवर घेतली जाई. म्हणजे भूक मोजावयाची ती परक्या पंगतीत बसवून.

गेल्या वर्षी तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. गाणी तोंडपाठ, गोष्ट सांगण्यात पटाईत. पुस्तक उघडले की पोटात दुखते. मी तिच्या वडिलांना बोलावणे धाडले, आणि दारात उभा राहिला तो माझा तो जुना विद्यार्थी. आता चौतिशीच्या घरात आलेला, केसांना कापसाची तूस चिकटलेली. दोघेही काही वेळ बोललो नाही. मग मी त्याला, जमेल तसे, आज तुम्हांला सांगितले ते सांगितले. माशी, पहारेकरी, धोटा. धोट्याचे त्याला ताबडतोब कळले.

“म्हणजे माझ्यामुळेच झालं का सर, पोरीचं?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “तुझ्याकडून काही उतरलं असेल. तुला ते तुझ्या आई-बापाकडून मिळालं असेल. त्यात कोणाची चूक नाही.”

तो मान हलवून थोडा वेळ बसला. बाहेर माग चालू होते. नंतर अगदी साध्या आवाजात, तक्रारीचा सूरही न काढता, तो म्हणाला, “मग सर, तुम्ही मला मारलं का?”

मी त्याला सांगितले की मला माहीत नव्हते. हे उत्तर खरे होते आणि पुरेसे नव्हते, हे आम्हां दोघांनाही कळत होते. त्याने पुन्हा विचारले नाही. मुलीला किती वाजता पाठवू, एवढेच विचारले.

ती आता शाळा सुटल्यावर चार वाजता येते. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात जी पद्धत बसविली, तिचेच हे साधे रूप आहे. पितळी परातीत तापीची वाळू पसरतो. एका वेळी एकच अक्षर. ती बोटाने ते काढते, मोठ्याने उच्चारते, आणि वेलांटी काढताना बोट जरा अधिक दाबते. मागच्या आठवड्यात ‘दिन’ झाला. ‘नदी’ अजून व्हावयाचा आहे. तिचा बाप कधी कधी मागावरून उठून येतो आणि दाराशी उभा राहतो. परवा तो आत येऊन बसला, आणि मुलगी पाणी प्यावयास गेली असता त्याने परातीतली वाळू तळहाताने सारखी केली, व तर्जनी वाळूवर ठेवून माझ्याकडे पाहिले.